वरचा आणि खालची

खड्ड्यातून आभाळ फळीएवढंच दिसायचं. खड्ड्यावर आडवा टाकलेला ओंडका, ओंडक्यावर उभा सासरा, आणि त्याच्या पायांपुढून खाली उतरणारी लांब करवत. सून खाली. करवतीची खालची मूठ दोन्ही हातांत धरून ती ओढायची, आणि प्रत्येक ओढीला भुशाची एक सर तिच्या कपाळावर, भुवयांवर, ओठांवर उतरायची. ओल्या लाकडाचा भुसा गोडसर लागतो, वाळलेल्याचा कडू. आता तिला जिभेवरूनच लाकूड कळायचं.

वरून सासऱ्याचं गाणं ऐकू यायचं. गाणं कसलं, ओढीला ओढ जुळावी म्हणून म्हटलेल्या दोन ओळी:

*वरल्या हाती सूत, खालच्या हाती दम,*
*मधी लाकूड बाई, दोघांनाही सम.*

पण सम काही नव्हतं. वखारवाला हिशेब जोडीचा करायचा आणि पैसे वरच्याच्या हातात द्यायचा. वरच्याचे दोन वाटे, खालच्याचा एक, अशी रीत. सून घरचीच. तेव्हा तिचा वाटा घरातच यायचा आणि घरातच विरघळायचा, पाण्यात मीठ विरघळावं तसा. चव असायची, दिसायचा नाही.

त्या दिवशी ऊन तापायच्या आत खड्ड्याच्या काठावर दोन बूट येऊन उभे राहिले. जाड तळव्यांचे, नाडीचे. असे बूट इकडे कुणी घालत नव्हतं. वखारवाल्याचा कुणी माणूस असेल, असं समजून ती ओढत राहिली. सासराही थांबला नाही. चीर अर्ध्यात होती. ती संपली, वरून पाचर ठोकल्याचा आवाज आला, आणि मग सासऱ्याचा आवाज.

"हाताला काय झालं रे?"

तेव्हा तिला कळलं की बुटांतली पावलं तिच्या नवऱ्याची आहेत.

ती शिडी चढून वर आली. भुशानं माखलेली, पापण्यासुद्धा पिवळ्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि डावा हात पाठीमागे घेतला. पण पट्टी एवढी मोठी होती की पाठीमागे मावत नव्हती.

---

खिंडीच्या पलीकडे दुसरा मुलूख. भाषा तीच, पाऊस तोच, डोंगरसुद्धा तोच, फक्त त्याची पाठ. पण खिंडीतला नाका ओलांडला की भाव बदलायचे आणि कायदेही. नवरा गेल्या वर्षी तिकडच्या लाकडाच्या गिरणीत लागला होता. तिथे करवत यंत्रावर फिरायची, खड्डा नव्हता, वर-खाली नव्हतं. आल्यागेल्याबरोबर तो निरोप धाडायचा, आणि निरोपात भोंगा हमखास असायचा. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की जेवण, भोंगा झाला की सुट्टी. त्यामुळे सासऱ्यानं पोराचं नावच भोंगेराव ठेवलं होतं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली.

"बोला भोंगेराव," सासरा म्हणाला, "किती गेली?"

"दोन. करंगळी आणि शेजारचं."

"डावा हात ना? मग ठीक." असं म्हणून त्यानं घास उचलला, पण तो तोंडाशी नेला नाही. ताटातच परत ठेवला.

"पगार चालू आहे बाबा. बोटं तुटली, हजेरी नाही तुटली. जखम भरेपर्यंत घरी बसायचं, वर बोटांचे पैसे वेगळे. कायदाच आहे तिकडे. इथे तुमचा हात गेला असता तर वखारवाला म्हणाला असता, बघून करायला काय झालं होतं?"

"म्हणजे बोटांचा भाव ठरलाय तर."

"प्रत्येकाचा निराळा. अंगठा सगळ्यात महाग."

"आणि डोळ्याचा?"

"डोळ्याचा? का?"

"सहज. बाजारात गेलं की भाव विचारावा माणसानं. घ्यायचंच असतं असं नाही."

सून खाली मान घालून बसली. सासऱ्यानं सहज विचारलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ओंडक्यावर मारलेलं काळं सूत, म्हणजे चिरायची रेघ, त्याला नीट दिसेनासं झालं होतं. करवत सुतावरून ढळायला लागली की खाली तिला भुसा झटकून पाहिलं की कळायचं, कारण सूत खालच्या अंगालाही मारलेलं असायचं. मग ती ओढताना मनगट थोडं वळवून पातं सरळ करायची. वर्षभर असंच चाललं होतं. बोललं कुणीच नव्हतं. फळ्या सरळ निघत होत्या.

"आणि राहायचं कसं तिकडे?" सासऱ्यानं विषय वळवला. "खोली?"

"एका खोलीत चौघं. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला. गादी गार होत नाही."

"पाणी?"

"विकत."

"सरपण?"

"सरपण कुठलं, गॅस. तोही विकत. भाजी तर विचारू नका. मजुरी इथल्या तिप्पट आहे, पण ती हातात येते आणि दुकानात जाते. हातात राहतो तो नुसता वास."

"म्हणजे सावली तेवढी फुकट म्हणायची."

"सावलीत उभं राहिलं तर दुकानदार हाकलतो."

सासरा हसला. हसता हसता त्याला खोकला आला. "दुरून डोंगर साजरे," तो म्हणाला. "तिकडे माणूस महाग आणि त्याचं जगणं त्याहून महाग. इकडे जगणं स्वस्त आणि माणूस त्याहून स्वस्त. इकडे आड, तिकडे विहीर. पण तुम्हाला बूट तरी मिळाले."

"बूट सक्तीचे आहेत बाबा. नाही घातले तर पगार कापतात."

"आणि बोटांना काही घालायला नव्हतं का रे?"

पोरानं नुसती भाकरी मोडली. हातमोजे होते. पण मोजे घालून काम सावकाश होतं, आणि ठरल्यापेक्षा जास्त लाकूड कापलं तर वर पैसे मिळतात. मोजे त्यानं स्वतःच काढून ठेवले होते. वेगळी खोली घ्यायची होती त्याला, दोघांपुरती.

---

सकाळी पाण्याला जाताना तो तिच्याबरोबर निघाला. एका हातानं कळशी धरायचा, पट्टीचा हात छातीशी. विहिरीवर कुणी नाही असं पाहून मग ती म्हणाली, "अहो, तिकडे बाया असतात का कामाला?"

"असतात की. फळ्या रचायला, मोजायला."

"आणि एखादीला दिवस गेले असतील तर?"

"तिला वजन उचलू देत नाहीत. शेवटचे काही महिने घरी बसून पगार." तो कायदा सांगायच्या भरात होता, भोंग्यासारखा. "फक्त हजेरीपटावर नाव पाहिजे. आधीपासून."

"आणि नसेल तर? आता नव्यानं गेली तर?"

"तर मग काय! तपासणीत कळलं की घेत नाहीत. हजेरी नाही म्हणजे ती कामगारच नाही. कायद्याला ती दिसत नाही."

एवढं बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं तिनं काय विचारलं होतं ते. पोहरा विहिरीत अर्ध्यावरच थांबला.

"किती महिने?"

"तिसरा सरत आलाय. तुम्ही सणाला आला होतात, तेव्हापासूनच."

"आणि तू खड्ड्यात उतरतेस?"

"मग कुठे उतरू?"

दोर तिच्या हातात होता. तिनं तो ओढायला घेतला, तशी त्यानं पट्टीच्याच हातानं दोर पकडला. दुखलं असणार. चेहरा पांढरा पडला, पण सोडला नाही. मागच्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. तो तिकडे होता. निरोप पोहोचून तो येईपर्यंत सगळं आटपलं होतं, आणि ती पुन्हा खड्ड्यात होती.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"कुठे? गादी गार होत नाही त्या खोलीत?"

"वेगळी घेऊ."

"घेऊ, आणि खाऊ काय? मला काम मिळणार नाही. मामंजी इथे एकटे काय ओढतील? एका मुठीची करवत चालते का?"

त्यानं दोर सोडला, तशी तिनं पोहरा ओढून कळशी भरली. ती पुढे चालू लागली. कळशीतलं पाणी हिंदकळत होतं, आणि तिच्या पावलांबरोबर वाटेवर ओले ठिपके पडत होते.

---

त्यानं बापाला सांगितलं ते भांडल्यासारखंच.

"ती आता खड्ड्यात उतरणार नाही."

सासरा कानशीनं करवतीचे दाते घासत होता. दाते तो बोटानं चाचपून घासायचा, बघून नाही. "का?"

"दिवस गेलेत तिला."

कानस थांबली. क्षणभर त्याच्या तोंडावर आनंद आला, उन्हाची तिरीप यावी तसा, आणि गेला. "मग खाली कोण ओढणार? तुझा भोंगा? वखारवाल्याच्या पुलाच्या फळ्या पावसाच्या आत द्यायच्यात. त्याच्या आधारावर दुकानदार पीठमीठ देतोय. हातावरचं पोट आहे बाबा, पोटावरचा कायदा नाही इथे."

"मग करा ना कायदा! तिकडे केला तो काय आभाळातून पडला?"

"तुला तिकडची हवा लागली. दोन बोटं देऊन आलास आणि मला शहाणपण देतोस."

असं म्हणाला खरा, पण उन्हं कलल्यावर डोक्याला फडकं बांधून वखारीत गेला. पोरगा मागोमाग. वखारवाला खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. त्यानं बस म्हटलं नाही. सासरा उभा राहिला, आणि ओंडक्यावर कधी न डगमगणारे त्याचे पाय जमिनीवर अवघडले.

"पोरीला दिवस गेलेत. खालचं काम तिला झेपायचं नाही. खाली ओढायला एक गडी द्या, त्याची मजुरी माझ्या वाट्यातून कापा. आणि बाळंतपण होईपर्यंत तिला वखारीत फळ्या मोजायचं, रचायचं काम द्या. थोडक्या मजुरीत का होईना."

"अरे वा! मोजायला माणूस आहे माझा." वखारवाल्यानं सालं फुंकरीनं उडवली. ती सासऱ्याच्या पायाशी पडली. "मी जोडी लावली. जोडीत कोण वर, कोण खाली, कुणाला काय झालं, ते मी बघायचं? कुणी शिकवलं हे तुला? या बूटवाल्यानं?"

"तिकडे असं देतात," पोरगा म्हणाला.

"मग तिकडे जा! त्यांची फळी माझ्या दुप्पट भावानं जाते, म्हणून त्यांना परवडतात असले लाड. मी तो भाव लावला तर पूल बांधणारा माझ्या दारात उभा राहील का? सांग ना." थोडं थांबून तो जरा नरमाईनं म्हणाला, "जमत नसेल तर आताच सांगा. दुसरी जोडी बघतो. नंतर तोंडघशी पाडू नका."

बापलेक परतायला निघाले. वाटेत सासरा एका दगडाला ठेचकाळला. वर्षानुवर्षं तिथेच असलेला दगड. पोरानं त्याच्या दंडाला धरलं. धरल्यावर सोडलं नाही, आणि बापानंही सोडवून घेतलं नाही.

"कधीपासून?" पोरानं विचारलं.

"वर्ष झालं. सूत दिसत नाही. ओंडका दिसतो."

"मग फळ्या कशा सरळ निघतात?"

"तुझ्या बायकोला विचार," सासरा म्हणाला.

---

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखा पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं, आणि शिडीकडे गेली. कुणी काही ठरवलं नव्हतं, म्हणजे कालचंच आज चालणार होतं.

"थांब पोरी," सासरा म्हणाला. तो ओंडक्यावर चढला नव्हता. "एक सांग. मागच्या वेळी तुला कळ कुठे आली होती?"

ती शिडीला धरून उभी राहिली.

"घरी आली असं मला वाटत होतं. संध्याकाळी, चुलीपाशी. तसंच ना?"

"नाही मामंजी."

"मग?"

"खाली. सकाळीच. बैठकीच्या खोलीचं लाकूड होतं ते, जाड. चीर अर्ध्यात होती."

"मग थांब का नाही म्हणालीस?"

तिनं त्याच्याकडे अशा नवलानं पाहिलं, जणू त्यानं पाणी वर का चढत नाही असं विचारलं होतं. "करवत वरच्यानं थांबवायची असते ना? तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी."

शिकवलं होतं. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, आणि तोही पोरगेला असताना खाली उभा राहून शिकला होता. खालच्यानं थांबवलं तर पातं चिरेत अडकतं, वरच्याचा तोल जातो. म्हणून थांबवणं वरच्याचं. सगळ्या मुलखात या धंद्याला एवढा एकच कायदा होता, आणि तो कुणी कधी मोडला नव्हता.

"मला वाटलं, चीर संपेल आता," ती म्हणाली. "संपली की वर येईन. मग तुम्ही दुसरी धरलीत."

ओंडक्यावर एक मुंगी चालली होती. सासरा तिच्याकडे बघत होता, की नुसता त्या बाजूला बघत होता, कळेना. मग त्यानं अंगातला सदरा काढून पोराच्या हातात दिला. सुनेच्या डोक्याचं फडकं मागून घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला बांधलं.

"बाबा, काय करताय?"

"वरचा बघणारा असला की खाली डोळे लागत नाहीत. मिटूनच ओढायचं असतं." तो शिडीवर पाय ठेवत म्हणाला. "वर नजर लागते. ती हिच्याकडे आहे. एक वर्ष झालं, हीच वरची आहे. उभी तेवढी खाली होती."

"वर उचलावं लागतं. तिला वजन..."

"मी खालून ढकलीन. तिनं नुसतं सुतावर धरायचं. तू पाचरी ठोक, एका हातानं ठोकता येतात."

सून मागे सरकली. "नाही मामंजी. तुमच्या डोक्यावर कशी उभी राहू मी? लोक काय म्हणतील? माझ्या पायाखालचा भुसा तुमच्या तोंडावर..."

"माझा तुझ्या तोंडावर पडला, तेव्हा लोक काय म्हणत होते?"

तो उतरला. जो वरून खाली उतरतो तो पुन्हा वर चढत नाही, हीही त्या धंद्यातली रीत. म्हाताऱ्या करवतवाल्यांच्या बाबतीत लोक ते हळूच बोलायचे, मेलेल्याबद्दल बोलावं तसं. खड्ड्यात त्याचं टक्कल दिसत होतं, त्यावर कपाळाशी एक जुना वण. त्याचं डोकं तिनं असं वरून कधीच पाहिलं नव्हतं.

ती ओंडक्यावर चढली. पाय अनवाणी होते, सालीची खरखर तळव्याला लागली. नवऱ्यानं खाली बसून आपल्या बुटांच्या नाड्या एका हातानं सोडल्या आणि बूट तिच्यापुढे धरले. मोठे होत होते. त्यानं टाचेत चिंध्या भरल्या.

"ओढा," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला परका वाटला.

---

फळ्या कमी निघत. ती दमली की थांबायची, आणि आधी आधी थांबायलाही लाजायची. ऊन चढलं की नवरा ओंडक्यावर हाताची थाप मारायचा, भोंगा म्हणून, आणि तिघं झाडाखाली जाऊन बसायची. सासरा खोकत, डोळे धूत म्हणायचा, "या भोंग्याला पगार कोण देतं रे?"

झाडाखालीच एकदा नवऱ्यानं काढलं. "बोटांचे पैसे मिळतील, पट्टी सुटली की. खोलीसाठी ठेवणार होतो. तिकडे ते दोन महिन्यांत उडतील. इथे पाऊसकाळ निघेल."

"मग?"

"मिळवायचं तिकडे, खायचं इथे. मी परत जातो. पैसे आले की तू ओंडक्यावरूनही उतर. तोवर बाबा आणि तू, जेवढं होईल तेवढं."

"आणि पुढच्या वर्षी?" तिनं विचारलं.

सासऱ्यानं भुशाचा एक कण पापणीतून काढला आणि बोटावर धरून बघण्याचा प्रयत्न केला.

पट्टी सुटायच्या आधी, ढग डोंगराच्या पाठीला टेकू लागले तेव्हा, वखारवाला स्वतः आला. उन्हातून चालत, कपाळ पुसत. लांबूनच बोलत आला, "कुठे आहेत माझ्या फळ्या? पूलवाल्यानं..." आणि थबकला.

ओंडक्यावर सून उभी होती. उभी म्हणजे, तिनं नुकतीच करवत थांबवली होती. चीर अर्ध्यात, पातं लाकडात. एक हात मुठीवर, एक पोटावर. कळ नव्हती. काहीतरी आतून हललं होतं, इतकं हलकं की पुन्हा हलतंय का हे कळायला तिला सगळं थांबायला हवं होतं. नवरा पाचर हातात धरून तसाच बसला होता.

"सासऱ्याच्या डोक्यावर सून!" वखारवाला म्हणाला. "कलियुग म्हणतात ते हेच. अगं, थांबलीस कशाला? आधीच उशीर झालाय."

ती पोटातलं ऐकत होती.

वखारवाला खड्ड्याच्या काठावर गेला आणि वाकला. "अरे ए, म्हाताऱ्या! तू तरी सांग हिला. करवत का थांबलीय?"

खालून, भुशातून, फडक्यातून आवाज आला.

"मला काय विचारता? मी खालचा आहे. वरच्याला विचारा."

वखारवाल्यानं वर पाहिलं. ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर होतं. झाडाची सावली होती, पण ती ओंडक्याच्या पलीकडे, आणि तिकडे जायला तिच्या पुढून जावं लागलं असतं. तो तिथेच उभा राहिला. ती पोटावर हात ठेवून उभी राहिली. खाली, दोन्ही मुठी करवतीला तशाच धरून, डोळे मिटून, सासरा वाट पाहत राहिला, घाई न करता.